साताऱ्यात नव्याने आलात? छोट्या हायस्कूलचा पट आणि निकाल असा वाचा

बदली होऊन किंवा एमआयडीसीत नोकरी लागून साताऱ्यात आलेले पालक मे-जूनमध्ये हमखास विचारतात, "मॅडम, घराजवळची शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित आहे. पण वर्गात पंचवीस-तीसच मुलं दिसतात. टाकावं का तिथं पोराला?" याचं उत्तर बहुतेक वेळा शेजारपाजारचे देतात. "तिचा पट गेलाय" (म्हणजे नोंदलेली मुलं कमी झाली) म्हटलं की शाळा बाद, आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर 100 टक्के निकाल दिसला की शाळा पास. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. छोट्या शाळेचे आकडे मोठ्या शाळेसारखे वाचून चालत नाहीत. टक्के बाजूला ठेवून मुलं मोजावी लागतात, आणि तीही एका वर्षाची नाही, एकच वर्ग तीन-चार वर्षं धरून. ते घरबसल्या आणि शाळेत जाऊन कसं करायचं, ते सांगते. उदाहरणं साताऱ्याची आहेत, पण सांगली, मिरज, कऱ्हाड इथंही पद्धत हीच.

शाळा कोणाची, ते आधी बघा

शहरात सरकारी म्हणावी अशी हायस्कुलं थोडी. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची एखादी, आणि बाकी बहुतेक संस्थांची अनुदानित. अनुदानित शाळेतल्या मान्य पदांचा पगार शासन देतं, पण कारभार संस्थेकडे असतो. रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालय साताऱ्यातच आहे, तेव्हा इथं अनुदानित शाळांची परंपरा जुनी आणि मजबूत. याशिवाय अंशतः अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित (अनुदानाशिवाय, फीवर चालणाऱ्या) शाळाही आहेत. पाटीवर हे लिहिलेलं नसतं, म्हणून कार्यालयात सरळ विचारा, "आठवी ते दहावीच्या तुकड्या शंभर टक्के अनुदानावर आहेत का?" एकाच शाळेत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. फी आणि शिक्षकांचं स्थैर्य दोन्ही त्यावर ठरतं.

यू-डायस क्रमांक मिळवा

प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला तिचा क्रमांक. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढचे दोन जिल्ह्याचे, साताऱ्याचे 31 आणि सांगलीचे 35. त्यानंतर तालुका, गाव किंवा वॉर्ड आणि शेवटी शाळा. हा क्रमांक शाळेच्या दाखल्यावर छापलेला असतो, कार्यालयातही सांगतात. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या भागात तो टाकला की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. त्यात इयत्तावार मुलं-मुली, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, संगणक, ग्रंथालय असं सगळं असतं.

फक्त आताचं वर्ष बघून थांबू नका. मागची चार-पाच वर्षं उघडा आणि वहीत एक तक्ता आखा. उभ्या ओळीत इयत्ता पाचवी ते दहावी, आडव्या ओळीत वर्षं. या एका तक्त्यावर पुढचं सगळं काम होतं.

पट वाचताना

आपल्याकडचं हायस्कूल बहुतेक ठिकाणी पाचवीपासून सुरू होतं. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीपर्यंत, काही सातवीपर्यंत. त्यामुळे हायस्कूलच्या पटात दोन ठिकाणी उडी दिसते, पाचवीत आणि आठवीत. आठवीची उडी नीट बघा. परळी खोऱ्यातली, ठोसेघरच्या पठाराकडची, जावळीतली मुलं आठवीला शहरात येतात, एसटीचा सवलतीचा पास काढून. मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे. ज्या शाळेत सातवीपेक्षा आठवीचा पट ठळकपणे जास्त आहे, तिच्यावर बाहेरगावच्या पालकांचा विश्वास आहे असं मी समजते. शेजारच्या गल्लीतली मुलं इंग्रजी माध्यमाकडे गेलेली असतील, पण वीस किलोमीटरवरचा शेतकरी बाप पोरीला तिथं पाठवत असेल, तर त्यानं काहीतरी चौकशी केलेलीच असते.

आता तक्त्यात तिरपं वाचा. 2022-23 ची आठवी, 2023-24 ची नववी, 2024-25 ची दहावी, ही जवळजवळ तीच मुलं. आकडा स्थिर असेल किंवा दोन-चारने हलला असेल, तर ठीक. बदल्या होतात, घरं बदलतात. पण नववीतून दहावीत येताना सहा-सात मुलं गळाली असतील, आणि दर वर्षी गळत असतील, तर तिथं बोट ठेवा. निकालाकडे आल्यावर याचं कारण कळेल.

पट कमी आहे म्हणजे शाळा वाईट, हा निष्कर्ष घाईचा आहे. पट कमी होण्यामागे शाळेच्या हाताबाहेरच्या गोष्टी कितीतरी असतात. जुन्या पेठांमधली कुटुंबं शाहूपुरी, विलासपूर, गोडोलीकडे राहायला गेली. घरटी एक-दोनच मुलं राहिली. स्वयंअर्थसहाय्यित शाळांची बस दारात येते. गावाच्या मध्यावरच्या जुन्या शाळेचा पट अशा कारणांनी उतरतो, शिकवणं पूर्वीइतकंच चांगलं असलं तरी. मला काळजी वाटते ती एकाच वर्षात पट धाडकन पडतो तेव्हा. त्यामागे शिक्षक निघून जाणं, तुकडी बंद होणं, संस्थेतला वाद असं काहीतरी नक्की सापडतं.

उलट, फार छान दिसणारा पटही तपासावा. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुलं मोठ्या संख्येनं उघड झाली. आता विद्यार्थ्यांची नोंद आधारशी जोडलेली आहे, त्यामुळे तसा प्रकार अवघड झालाय. तरी पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात असू द्या.

शिक्षक किती, ते पटावर ठरतं

दर वर्षी संचमान्यता होते. 30 सप्टेंबरचा पट धरून शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. छोट्या शाळेत हे प्रमाण कागदावर उत्तम दिसतं, पण पालकाला त्यानं काही कळत नाही. तिथं एकच प्रश्न कामाचा: गणित, विज्ञान आणि इंग्रजीला त्या-त्या विषयाचा कायम शिक्षक आहे का? पट घसरला की पद अतिरिक्त ठरतं, शिक्षकाचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं, आणि मग इतिहासाचे सर इंग्रजीचा तास घेताना दिसतात. रिकामी जागा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून भरेपर्यंत वेळ जातो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांनी रान उठवलं, ते याच भीतीनं. छोट्या शाळेतली पाच-सहा मुलं इकडची तिकडे झाली, तर एक अख्खा विषय पोरका होऊ शकतो.

मुलं कोणत्या घरांतून येतात

काही पालक हा प्रश्न चोरटेपणानं विचारतात, आणि त्यांच्या मनात काय आहे ते कळतं. मी तो उघडपणे विचारायला सांगते, पण वेगळ्या कारणासाठी. मुलं कुठून येतात ते कळल्याशिवाय शाळेनं त्यांच्यासाठी काय केलं, ते मोजताच येत नाही.

यू-डायसमध्ये सामाजिक प्रवर्गाचे चार रकाने असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग. आपल्या राज्यातले विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे प्रवर्ग तिथं वेगळे दिसत नाहीत. साताऱ्यात ही उणीव मोठी आहे. रामोशी, वडार, कैकाडी, धनगर समाजाची मुलं शहरातल्या छोट्या शाळांमध्ये बरीच असतात, आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या असतात. हा तपशील शाळेच्या कार्यालयातच मिळतो. त्याचबरोबर विचारा: किती मुलं बाहेरगावाहून एसटीनं येतात, किती वसतिगृहात राहतात, किती मुलांच्या घरी मराठीशिवाय दुसरी भाषा बोलतात. एमआयडीसीच्या आसपास हिंदी बोलणारी कुटुंबं वाढली आहेत. मिरजेकडे गेलात तर उर्दू आणि कन्नड.

मुलामुलींचं प्रमाणही बघा. मराठी माध्यमाच्या पुष्कळ अनुदानित शाळांत मुली निम्म्याहून जास्त दिसतात. मुलाला फी भरून इंग्रजी माध्यमात आणि मुलीला जवळच्या शाळेत, असा हिशोब अजून घराघरांत होतो. याचं मला वाईट वाटतं, पण त्या मुली शाळेचा निकाल वर नेतात हेही तितकंच खरं. स्वच्छतागृहाच्या रकान्यापाशी 'आहे' लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. जाऊन बघा, पाणी आहे का, दाराला कडी आहे का. आठवी-नववीच्या मुलींची हजेरी या दोन गोष्टींवर बरीच अवलंबून असते.

याच शहरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव एका सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकावर नोंदलं गेलं. आज ती जिल्हा परिषदेची छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि 2017 पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कोणत्या घरातलं मूल शाळेत आलं ही नोंद किती मोलाची असते, ते साताऱ्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगावं लागू नये.

निकाल वाचताना

आता दहावी. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. विभागाचा निकाल राज्यात वरच्या क्रमांकावर असतो, त्यामुळे इथं 95 टक्के निकाल म्हणजे काही विशेष नाही.

पहिली अडचण छोट्या संख्येची. 25 मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की निकाल थेट 96 वर येतो, दोन झाली की 92. दोनशे मुलांच्या शाळेत दोन नापास झाली तरी 99 राहतात. म्हणून छोट्या शाळेच्या एका वर्षाच्या टक्केवारीवरून काही ठरवू नका. पाच वर्षांची बसलेली मुलं आणि पास झालेली मुलं, दोन्हींची बेरीज करा आणि मग भागाकार करा. पाच वर्षांत 140 बसली आणि 131 पास झाली, तर 93.6 टक्के. हा आकडा भरवशाचा.

दुसरी अडचण वर्षावर्षांतल्या फरकाची. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, 2019 मध्ये तो 77.10 वर आला, आणि 2020 मध्ये 95.30 झाला. 2019 ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. 2021 मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर 99.95 टक्के लागला. 2024 ला 95.81, 2025 ला 94.10. तेव्हा शाळेचा आकडा त्याच वर्षीच्या राज्याच्या आणि विभागाच्या आकड्याशेजारी ठेवा. 2019 मध्ये 85 टक्के आणणाऱ्या शाळेनं 2021 मध्ये 100 आणणाऱ्या शाळेपेक्षा जास्त कष्ट घेतलेत. पाच वर्षांच्या बेरजेतून 2021 वगळा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि फ्लेक्सवर ती कधीच नसते. उत्तीर्णांचं प्रमाण परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. न बसलेलं मूल त्या हिशोबात कुठंच नसतं. समजा, पहिल्या शाळेत नववीला 41 मुलं होती. दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून 33 बसली, सगळी पास. निकाल 100 टक्के. दुसऱ्या शाळेत नववीला 31 होती, दहावीला तीच 31 बसली, 28 पास. निकाल 90.32 टक्के. फ्लेक्स पहिलीचा लागेल. पण नववीपासून धरलं तर पहिलीत 41 पैकी 33, म्हणजे 80.5 टक्के मुलं तिथून दहावी पास झाली आणि दुसरीत 90.3. पहिलीतली आठ मुलं गेली कुठं? दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेली असतील, तर हरकत नाही. नववीत नापास करून ठेवली असतील, किंवा "बाहेरून बस" म्हणून 17 नंबरच्या फॉर्मकडे वळवली असतील, तर ती गाळणी आहे. 17 नंबरनं बसणारी मुलं मंडळाच्या आकडेवारीत खाजगी म्हणून वेगळी मोजली जातात, नापास होऊन पुन्हा बसणारी पुनर्परीक्षार्थी म्हणून वेगळी. शाळेच्या कपाळावर त्यांचा डाग येत नाही.

मी स्वतः पोराला दुसऱ्या शाळेत घातलं असतं. तीन मुलं नापास होतील हे माहीत असूनही त्यांना वर्गात बसवून परीक्षेपर्यंत नेणाऱ्या शिक्षकांवर माझा जास्त भरवसा आहे. त्या मुलांना जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावीचा प्रवेशही मिळतो. शाळेतून नाव कमी झालेल्या मुलाच्या मागं मात्र कुणी राहत नाही.

टक्क्यांच्या पलीकडे श्रेणी बघा. 75 आणि त्यापुढे विशेष प्राविण्य, 60 पासून प्रथम श्रेणी, 45 पासून द्वितीय, 35 पासून उत्तीर्ण. सगळी मुलं एका ओळीत उभी केली तर मधल्या मुलाला किती गुण, हे विचारा. पहिल्या आलेल्या मुलीचे 97 टक्के ही तिची आणि तिच्या घराची कमाई असू शकते, मधलं मूल 62 वर असेल तर ती शाळेची कमाई. वरच्या टक्केवारीत सवलतीचे कला आणि क्रीडा गुणही मिसळलेले असतात. इंटरमिजिएट चित्रकलेला ए श्रेणी मिळाली की 7 गुण, बी ला 5, सी ला 3. आणि टक्के काढताना सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतात, त्यामुळे गणित कच्चं राहिलेलं मूलही छान दिसतं. मी तर विषयवार निकालातलं गणिताचं पान आधी उघडते. 35 ते 40 च्या दरम्यान किती मुलं आहेत, तिथं शाळेची खरी ताकद किंवा दुबळेपण दिसतं.

दहावीखेरीज आणखी एक खूण मला पटते: आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, मर्यादित उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी असते, आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. छोट्या शाळेतून दर वर्षी दोन-तीन मुलं जरी लागत असली, तरी तिथं कुणीतरी शिक्षक शाळा सुटल्यावर थांबून तयारी करून घेतोय हे नक्की.

शाळेत गेल्यावर

मधल्या सुट्टीत जाऊ नका, तास चालू असताना जा. मुख्याध्यापकांना भेटा आणि नम्रपणे सांगा की प्रवेशाआधी थोडी माहिती हवी आहे. पाच वर्षांचं दहावीचं शाळेचं निकालपत्रक, इयत्तावार पट आणि गेल्या जुलैची सरासरी हजेरी, एवढंच मागा. जुलै मुद्दाम. डोंगराकडून येणाऱ्या मुलांची पावसात खरी परीक्षा असते, आणि त्या महिन्याच्या हजेरीवरून शाळा गैरहजर मुलाच्या घरी निरोप पाठवते की नाही ते कळतं.

जनरल रजिस्टर कसं असतं, ते माहीत असावं. लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं. आडव्या ओळीत रजिस्टर क्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. उजव्या टोकाला शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता आणि सोडण्याचं कारण. 'पालकांची बदली' लिहिलंय की 'सतत गैरहजर', यातच मुलाची सगळी गोष्ट असते. इतरांच्या मुलांच्या नोंदी तुम्हाला दाखवणार नाहीत आणि दाखवूही नयेत. पण "गेल्या वर्षी नववीतून किती मुलांनी दाखले नेले आणि कोणत्या कारणानं?" हे फक्त आकड्यांत विचारायला हरकत नाही. चांगले मुख्याध्यापक हे तोंडपाठ सांगतात, कारण त्यांना ती मुलं नावानिशी आठवत असतात.

माहिती द्यायला टाळाटाळ झाली तर भांडू नका. अनुदानित शाळा माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. तोवर प्रवेशाची वेळ निघून जाते, म्हणून त्याआधी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

प्रवेश घेताना

ठरलं की आधीच्या शाळेचा दाखला, आधार, जातीचा दाखला असल्यास तो, आणि मागचं प्रगतिपुस्तक घेऊन जा. दाखला यायला उशीर होत असेल तर आठवीपर्यंतचा प्रवेश त्यासाठी अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार मिळतो, नववीपासून पुस्तकांचा खर्च धरून चला. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालेल्या मुलाची पुनर्परीक्षा होते, तीही गेली तर ते त्याच वर्गात राहतं. आठवीत नवी शाळा घेणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावं.

आणि आधार कार्डावरचं नाव, जन्मतारीख, लिंग ही माहिती दाखल्याशी तंतोतंत जुळते का ते पहिल्याच आठवड्यात तपासा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांच्या कागदांत बापाचं नाव मधे असतं किंवा नसतं, स्पेलिंग वेगळं असतं, आणि मग नोंद वैध होत नाही. वैध नसलेलं मूल वर्गात रोज बसत असलं तरी संचमान्यतेत धरलं जात नाही. तीस मुलांच्या शाळेत अशी तीन-चार नावं अडली, तर एखाद्या शिक्षकाचं पद जाऊ शकतं. दुरुस्तीसाठी आधार केंद्रावर जावं लागतं आणि ती व्हायला दिवस लागतात. गणपतीच्या सुट्टीआधी हे काम उरका, म्हणजे 30 सप्टेंबरच्या पटात तुमचं मूल धरलं जाईल.